चालीतला जास्तीचा ग

मित्रांनो, माझ्या काचेवरची तिरकी चीर पाहून असे हळहळू नका. मी जुना टॅब आहे हे खरे, पण अजून चालतो. थोडा हळू चालतो, एवढेच. बोट लावले की आधी जरा विचार करतो आणि मगच हलतो. तुमच्या घरातली मोठी माणसेही खुर्चीतून उठताना असेच करतात. त्यांना तुम्ही लगेच भंगारवाल्याला देता का?

माझा जन्म एका भल्यामोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. माझ्यासारखे हजारो भाऊ एका पट्ट्यावरून सरकत होते आणि आम्हा कुणालाच नाव नव्हते, नुसते नंबर होते. पुढे मी अमरावतीला आलो आणि देवश्रीच्या हातात पडलो. ती तेव्हा बँकेच्या परीक्षेची तयारी करत होती. कोचिंग क्लास बंद पडले होते, त्यामुळे सर लोक माझ्याच काचेत येऊन शिकवत. मी तिला गणित शिकवले, इंग्रजी शिकवले, बुद्धिमत्ता चाचणी शिकवली. तिला नोकरी माझ्यामुळे लागली असे माझे मत आहे. ती अभ्यासामुळे लागली असे तिचे मत आहे. असो.

नोकरी अकोल्याला लागली. पुढे सासरही अकोल्याचेच मिळाले. नवा मोबाइल आला आणि माझी रवानगी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये झाली. तिथे एक बंद पडलेली बॅटरी, कुलपे हरवलेल्या किल्ल्यांचा जुडगा आणि जुन्या लग्नपत्रिका अशी मंडळी होती. देवश्रीच्या आई शैलाबाई यांनी एकदा मला बाहेर काढले. मला वाटले, उघडले नशीब! पण त्यांनी माझ्यावर हळदीकुंकवाच्या वाट्या मांडल्या आणि शेजारी नेल्या. ज्याने टक्केवारी शिकवली, तो ट्रे झाला. मला फार वाईट वाटले.

आता मी तुम्हाला देवश्रीच्या बाबांची ओळख करून देतो, कारण माझे दुसरे आयुष्य त्यांनीच सुरू केले. त्यांचे नाव चिंतामण, पण सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांनी शाळेत संगीत शिकवले आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या नगराच्या टोकाला असलेल्या रुक्माई भजनी मंडळात पेटी धरली. मंडळातली बहुतेक माणसे शेतकरी घरांतली. शेती आसपासच्या गावांत, मुक्काम अमरावतीत. किसनराव त्यांचे मुख्य. आवाज असा, की त्यांना माईक दिला तर माईकच घाबरावा. ते खंजिरी वाजवतात आणि उरलेल्या वेळात बोलतात. खरे सांगायचे तर वाजवतानाही बोलतात.

मंडळाच्या सगळ्या भजनांच्या चाली मास्तरांनी लावलेल्या. शब्द सगळ्यांना पाठ होते, चाल मात्र मास्तरांच्या बोटांत होती. मास्तर पेटीवर पुढे जात आणि मंडळ मागून जाई. इतकी वर्षे कुणाला त्यात काही काळजीचे वाटले नाही.

मग मास्तरांची कंबर धरली. डॉक्टरांनी मांडी घालून बसायला बंदी केली, बसच्या प्रवासालाही बंदी केली. देवश्रीने फर्मान काढले की दिवाळी झाली की आई-बाबांनी कायमचे अकोल्याला यायचे. घर भाड्याने द्यायचे ठरले, सामानाचा टेम्पोही ठरला. आणि नेमकी कार्तिकातली कौंडण्यपूरची यात्रा तोंडावर आलेली. कौंडण्यपूर रुक्मिणीचे माहेर, त्यामुळे रुक्माई मंडळ त्याला आपलेही माहेर समजते. तिथल्या मंडपात दरवर्षी त्यांची पाळी असते.

किसनरावांनी मास्तरांच्या बैठकीत येऊन जाहीर केले, "मास्तर, पेटीबिगर मी कौंडन्यपूरले तोंड दाखवनार नाई. यंदा पेटी जमली तं जमली. नाई तं मंडळाले कुलूप लावतो अन् किल्ली तुमाले अकोल्याले पाठवतो."

"नीलम आहे ना," मास्तर म्हणाले.

नीलम ही किसनरावांची सून. गेल्या उन्हाळ्यापासून ती मास्तरांकडे पेटी शिकत होती. हात गोड होता आणि समोर सरगम लिहिलेली असली तर ती नीट वाचून वाजवायची. पण समोर काही नसले की बिचारी घाबरायची. मंडळात आजवर बाईमाणसाने पेटी धरलेली नव्हती. त्यामुळे ती चुकली तर लोक पेटीला नाही, तिला नावे ठेवणार होते. मास्तरांच्या चाली लिहून तिच्या हाती पडल्या तरच मंडळ वाचणार होते, आणि दिवस थोडे होते.

"मग कागदावर लिहून द्या की," शैलाबाई म्हणाल्या. पण मित्रांनो, मास्तरांच्या हाताची एक गंमत होती. पेटीवर त्यांची बोटे दगडासारखी स्थिर असत आणि पेन धरले की थरथरत. आता सरगम लिहिताना सुराच्या खाली टिंब दिले की तो सूर खालच्या सप्तकातला, वर दिले की वरच्या सप्तकातला. मास्तरांचे टिंब कुठे पडेल याचा भरवसा नव्हता. नीलमने मास्तरांनी लिहिलेला कागद पाहून वाजवले, किसनराव तिच्यामागून गायला लागले आणि एका ओळीत ते विहिरीत उतरले, दुसऱ्या ओळीत झाडावर चढले.

"बाप्पा!" ते गळा धरून म्हणाले. "हे भजन हाये का लिफ्ट हाये?"

तेव्हा देवश्रीने अकोल्याहून फोनवर सांगितले, "बाबा, आपला जुना टॅब काढा. त्यात सरगम लिहायचं ॲप घ्या. टिंब कुठं पडतं ते टॅब बघेल."

अशा रीतीने मी ड्रॉवरमधून बाहेर आलो. शैलाबाईंनी मला पदराने पुसले. रात्रभर चार्जिंगला लावले. मला वाटले, आता आपला मान परत आला. पण ॲप निवडायला बसल्यावर जो अपमान झाला तो मी विसरणार नाही. एकापाठोपाठ एक ॲप मला पाहून सांगत होते की हे उपकरण फार जुने आहे, आम्ही यात राहणार नाही. मुलगी पाहायला गेलेल्या नवरदेवाला दारातूनच परत पाठवावे तसे झाले. शेवटी तीन ॲप तयार झाली. त्यांनाही जागा पुरेना, म्हणून मास्तरांनी देवश्रीच्या परीक्षेचे सगळे धडे पुसले. बुद्धिमत्ता चाचणीही पुसली. पुढे जे घडले ते वाचताना तुम्ही हे लक्षात ठेवा, म्हणजे मला दोष देणार नाही.

पहिले ॲप इंग्रजी पद्धतीचे होते. उघडले की पाच आडव्या रेघा आणि सुरुवातीला जिलबीसारखे एक चिन्ह. सूर लिहिला की त्या रेघांवर काळा ठिपका बसायचा आणि त्याला शेपूट फुटायचे. मास्तरांना ती लिपी वाचता येत होती. त्यांनी बरेच लिहिलेही. पण किसनराव एका सुरावर थांबले की दम संपेपर्यंत थांबतात. 'रुक्मिणी'तला 'णी' ते इतका लांबवतात की ऐकणाऱ्याचा चहा पिऊन होतो. ॲपला ते मंजूर नव्हते. ओळीत इतकाच वेळ बसतो असे त्याचे म्हणणे होते आणि किसनरावांच्या प्रत्येक 'णी'वर ते लाल रेघ ओढत होते.

किसनरावांनी चष्मा लावून माझ्यात डोकावून पाहिले. "मास्तर, याले मुंग्या लागल्या जी."

"ते सूर आहेत गा."

"असतीन. पन हे आमच्यातल्या कोनाले वाचता येनार?"

मास्तरांनी ते ॲप वाजवून दाखवले. पियानोवर भजन सुरू झाले. शैलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कोणत्या हॉटेलातून फोन आला?" पहिले ॲप त्याच संध्याकाळी गेले.

दुसरे ॲप साधे होते. आपल्या लिपीत सा, रे, ग, म टाइप करायचे आणि टिंबाचे बटण दाबायचे. मास्तर खूश झाले. अडचण एकच होती. या ॲपला माझाच कीबोर्ड वापरावा लागत होता, आणि माझ्या कीबोर्डला अर्धवट शब्द पूर्ण करायची सवय आहे. ही सवय चांगली की वाईट हे मी सांगणार नाही. परीक्षेच्या वेळी देवश्रीला ती आवडायची.

मास्तरांनी एका दमात सगळी ओळ टाइप केली, चष्मा कपाळावर होता म्हणून वाचली नाही, आणि नीलमला म्हणून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून दिली. त्यांनी लिहिले होते सा रे ग म, म ग रे प ध, नि ध. ग्रुपवर पोचले ते असे: "सारे गमावले. मगरीने पाय धरला. निधन."

मित्रांनो, यानंतर ग्रुपवर जे झाले ते वाचत मी गप्प पडून होतो. आधी हात जोडलेले आले. मग फुले आली. एकाने तर मास्तरांचा फोटो चौकटीत घालून, त्यांच्या कलेविषयी चार ओळी लिहून पाठवल्या. त्या ओळी इतक्या छान होत्या की नंतर मास्तरांनी त्या जपून ठेवल्या. थोड्या वेळाने दारात ऑटो थांबला. किसनराव, जानराव आणि आणखी दोघे डोक्याला रुमाल बांधून उतरले. जानराव मंडळातले सर्वांत वडील, टाळ वाजवतात. शैलाबाईंनी दार उघडले तर किसनरावांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या.

"वहिनी," ते कसेबसे म्हणाले, "मास्तर या वयात पोहाले काहून गेले वं?"

"कुठं पोहायला?"

"छत्री तलावात मगर हाये हे आमाले कोनी सांगतलंच नाई!"

तेवढ्यात आतून मास्तर चहाचा कप घेऊन आले. जानराव मागच्या मागे ऑटोत जाऊन बसले. किसनराव मात्र जागेवरच उभे राहिले. मास्तरांच्या दोन्ही पायांकडे त्यांनी नीट पाहिले, दोन्ही जागेवर होते, आणि मग त्यांनी मास्तरांना अशी मिठी मारली की चहा माझ्यावर सांडला. तेव्हापासून माझे आवाज वाढवायचे बटण चिकटते. पण त्या मिठीबद्दल माझी तक्रार नाही.

दुसरेही ॲप गेले. आता उरले तिसरे, आणि टेम्पो यायचा दिवस उजाडला.

तिसऱ्या ॲपमध्ये टाइप करायचे नव्हते. तोंडाने सरगम म्हणायची, ते ऐकते आणि लिहिते. सूर कोणताही लागो, तोंडातून 'ग' निघाला की ते ग लिहिणार, 'रे' निघाला की रे लिहिणार. टिंब तेवढे आवाजाच्या उंचीवरून देणार. बाकीचे शब्द त्याच्या कामाचे नाहीत, ते सोडून देणार. शिवाय ऐकलेला आवाज ते आपल्यापाशी ठेवत असे. कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण होता, तो दाबला की पडद्यावर जी जागा समोर असेल तिथूनचा आवाज पुन्हा ऐकू येई. पण त्या दिवशी त्रिकोणाकडे पाहायला कुणाला सवड होती?

घरात बांधाबांध चालली होती. मास्तर कंबरेला पट्टा बांधून, स्टुलावर पेटी ठेवून, खुर्चीत बसून माझ्याशी बोलत होते. चार चाली नीट लिहून झाल्या. मी एकही सूर सोडला नाही. पाचवी चाल त्यांची सगळ्यांत लाडकी, यंदाच्या यात्रेसाठी नवी लावलेली, मंडळाने अजून न ऐकलेली. शब्द होते, "वर्धेकाठी उभी रुक्मिणी, वाट कोणाची पाहे." मास्तरांनी डोळे मिटले, सरगम सुरू केली आणि 'वाट कोणाची'पर्यंत आले. तेव्हाच गादीची वळकटी खांद्यावर घेऊन किसनराव आत आले.

"मास्तर, टेम्पोवाला सा वाजता येतो म्हनते. धा मिनिटं इकडंतिकडं."

आमच्या वऱ्हाडात सहाला सा म्हणतात आणि दहाला धा म्हणतात. ॲप परगावचे होते. त्याने इमानदारीने सा लिहिला, ध लिहिला.

मास्तरांनी डोळे न उघडता हात वर केला. "थांब गा! अरे, मधी काहून बोलून राहिला रे?"

'गा' आला. 'अरे'तला रे आला. शेवटचा रे आला. आमच्याकडे जवळच्या माणसाला गा म्हणतात, रे म्हणतात, त्याशिवाय बोलल्यासारखेच वाटत नाही. ॲपने तेही लिहिले. सा, ध, ग, रे, रे. मी आतल्या आत ओरडत होतो की बाबांनो, ही चाल नाही, हे भांडण आहे! पण मला स्वतःहून तोंड उघडता येत नाही. माझ्यापुरते सांगायचे तर मी ऐकले ते लिहिले. माझ्या बुद्धिमत्तेचे काय झाले होते ते तुम्हाला माहीतच आहे.

मास्तर पुढे गायले, ओळ पूर्ण केली आणि बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. वाचून पाहायला वेळच मिळाला नाही. त्यांनी मला शैलाबाईंच्या जुन्या शालीत गुंडाळले आणि नीलमच्या हातात दिले.

"सांभाळ हं बेटा. यात सगळं आहे," ते म्हणाले.

त्यात खरोखरच सगळे होते. टेम्पोची वेळसुद्धा होती.

टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत किसनराव हात हलवत होते. मग ते वळले आणि नीलमला म्हणाले, "चाल वं पोरी. आता तूच."  

मंडळाची तालीम सुरू झाली. चार चाली छान बसल्या. पाचवीला सगळे 'वाट कोणाची'पर्यंत सुखरूप यायचे आणि तिथे नीलमच्या बोटांखालून सा ध ग रे रे निघायचे. एकदम आडरान लागल्यासारखे. कुणी पुढे जाई, कुणी मागे राही, टाळ एकमेकांवर आपटत.

नीलमने अकोल्याला फोन लावला. तिकडे मिक्सर चालू होता, इकडे खंजिरी. "मास्तर, पाचव्या चालीत एक जागा जराशी येगळी वाटते," ती ओरडून म्हणाली.

"जसं लिहिलं आहे तसंच वाजव!" मास्तर तिकडून ओरडले. "एकही सूर सोडू नको!"

मग काय, मास्तरांचा शब्द. मंडळ त्या जागेवर विचार करायला बसले. जानराव वडीलधारे, त्यांनीच अर्थ लावला.

"पाहा," ते म्हणाले, "रुक्मिनी वाट पाहून राहिली नं? वाट पाहनारं मानूस सरळ उभं राह्यते काय? एक पाय इकडं, एक पाय तिकडं. जरा पुढं जाते, फिरून मांगं येते. सा, ध, ग, रे, रे. मास्तरनं ते सुरात घेतलं. हे आपल्या डोक्याच्या वरचं काम हाये."

सगळे 'वा वा' म्हणाले. किसनरावांनी तर उपरण्याने डोळे पुसले. टेम्पोची वेळ ऐकून रडणारा माणूस मी तेव्हाच पाहिला. त्यातला अर्धा भाग त्यांचा स्वतःचाच होता हे त्यांना कोण सांगणार? तालमीवर तालमी करून मंडळाने ते भांडण तोंडपाठ केले.

यात्रेचा दिवस आला. कौंडण्यपूरला मंडपात माणूस मावत नव्हता. आमच्या आधीच्या मंडळाने फार सुंदर गायले. मग आमची पाळी पुकारली. नीलम पेटीमागे बसली तेव्हा पुढच्या रांगेत कुजबूज झाली. "सून बसली काय पेटीवर? मास्तर कुठं गेले?" तिने ते ऐकले. मला पेटीवर उभे करताना तिची बोटे गार पडली होती, माझ्या काचेला ते कळले. किसनरावांनी मास्तरांना फोन लावून, चालू ठेवून, सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. तिकडे अकोल्यात मास्तर फोन कानाला लावून बसले होते.

चार भजने पार पडली. फार गाजली नाहीत, पण पडलीही नाहीत. नीलमचे डोळे सारखे माझ्यावर. एक क्षण इकडेतिकडे पाहायची तिची हिंमत नव्हती. मग पाचवे भजन लागले. 'वर्धेकाठी उभी रुक्मिणी' झाले, 'वाट कोणाची' आले. तिने पान पुढे सरकवायला बोट लावले. बोट घामेजलेले होते, ते घसरले आणि कोपऱ्यातल्या त्रिकोणावर पडले.

माईक माझ्याजवळच होता. साऱ्या मंडपात किसनरावांचा आवाज घुमला, "मास्तर, टेम्पोवाला सा वाजता येतो म्हनते. धा मिनिटं इकडंतिकडं." आणि मागोमाग मास्तर कडाडले, "थांब गा! अरे, मधी काहून बोलून राहिला रे?"

इतक्या वर्षांची सवय! किसनरावांचा हात खंजिरीवर तिथल्या तिथे थांबला. खंजिरी थांबली म्हणून टाळ थांबले. टाळ थांबले म्हणून गाणारे थांबले. मंडपात असा हशा पिकला की मागच्या बाया उठून पाहायला लागल्या. जानराव टाळ मांडीवर ठेवून माझ्याकडे पाहत राहिले.  मला वाटले, संपले. आता मंडळाला कुलूप, आणि मला ड्रॉवर.

पण आवाज थांबला नव्हता, मित्रांनो. माझ्यातून मास्तर खाकरले आणि त्यांनी तीच ओळ पुन्हा धरली. "वाट कोणाची पाहे." मधे सा नाही, ध नाही, काही नाही. सरळ, मऊ, नदीकाठाने चालत जावे तशी. त्या दिवशी पुढची सरगम म्हणण्याआधी ते ही ओळ एकदा शब्दांत गायले होते, तेही मी ठेवले होते. मंडपातला हशा हळूहळू विरला. लोक ऐकायला लागले.

नीलमही ऐकत होती. तिने इतके दिवस मला वाचले होते, ऐकले आज. ओळ संपली, माझ्यातला आवाजही संपला. मग तिने हात पुढे केला आणि मला पेटीवर पालथे घातले.

माझे तोंड खाली असल्यामुळे पुढचे मी पाहिले नाही. पण पेटीच्या लाकडातून सगळे माझ्या पाठीपोटात येत होते. तिने ती ओळ वाजवली. जशी ऐकली तशीच. पुन्हा वाजवली, या वेळी शेवटी तिची स्वतःची एक छोटी हरकत घेऊन. मग खंजिरी आली, अगदी हळू. मग टाळ. मग किसनरावांचा 'रुक्मिणी'तला 'णी' आला आणि त्याला लाल रेघ मारणारे तिथे कुणी नव्हते. तो दम संपेपर्यंत चालला आणि नीलमची पेटी शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिली. समोर काही लिहिलेले नसताना!

भजन संपल्यावर लोकांनी पुन्हा म्हणायला लावले. ज्या रांगेत कुजबूज झाली होती, तिथूनच आवाज आला, "त्या पेटीवाल्या पोरीले माईक जवळ घ्या!"

मंडपामागे आल्यावर जानरावांनी विचारले, "किसन, मंग ते रुक्मिनीचं एक पाय इकडं अन् एक पाय तिकडं?"

"ते टेम्पोचं होतं, जानरावभाऊ," किसनराव म्हणाले आणि हसता हसता खाली बसले.

खिशातला फोन अजून चालूच होता. त्यातून मास्तरांचा आवाज आला, "नीलमला दे."

नीलमने फोन घेतला. मास्तरांनी विचारले, "शेवटचं बघून वाजवलं?"

"नाई मास्तर," ती म्हणाली. "तुमाले आयकून वाजवलं."

 पलीकडून शैलाबाईंचा आवाज आला, "ते डोळे पुसून राहिले. देते मी थोड्या वेळानं."

मंडळाला कुलूप लागले नाही. त्या चालीतले सा, ध आणि दोन्ही रे काढून टाकले. पण ग काढायला किसनरावांनी साफ नकार दिला. "तो मास्तरचा हाये," ते म्हणाले. त्यामुळे रुक्माई मंडळ आजही 'वाट कोणाची'नंतर एक ग घेते आणि क्षणभर थांबते. ऐकणारे विचारतात की ही कुठली परंपरा. मंडळ सांगत नाही.

आता दर गुरुवारी अकोल्याहून मास्तरांचा फोन येतो. ते नवी चाल सांगतात, नीलम ऐकते, मी लिहितो. मधे कुणी बोलायचे नाही असा कडक नियम आहे. किसनराव ओट्यावर तोंड मिटून बसतात. परवा मास्तर एका ओळीत मधेच अडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा अडले.

"किसन नाही का आला आज?" त्यांनी विचारले.

"आहो जी! तोंड दाबून बसलो."

"मग बोल ना गा काही. इथं मधी कोणीच बोलत नाही. मला पुढचं सुचून नाही राहिलं."

 किसनराव दोनदा खाकरले. मग म्हणाले, "मास्तर, संत्र्याले यंदा बहार चांगला हाये." आणि मास्तरांना पुढची ओळ सुचली.

म्हणून माझे एवढेच मागणे आहे, मित्रांनो. माझी पिन वाकडी करून चार्जर घुसवू नका आणि ओल्या हाताने मला धरू नका, हे तर आहेच. पण तुमच्या ओळखीत कुणाच्या बोटांत, कुणाच्या गळ्यात एखादी चाल असेल, तर आज त्यांच्याजवळ जाऊन बसा. मी शेजारी लिहीत राहीन. पण मला हाक कोणती आणि सूर कोणता ते कळत नाही, तुम्हाला कळते. तेवढे तुम्ही ऐका, आणि नीट ऐकू आले की मला खुशाल पालथे घाला. मी रागावणार नाही.